अरुणाचलला कधी जावं? तीन खेपांचा हिशोब

‘अरुणाचलला कधी जाऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, ‘काय बघायला जायचंय?’ हे शहाणपण फुकट आलेलं नाही. त्यात एक अख्खी सहल वाहून गेली आहे.

पहिल्या खेपेला आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात निघालो. मुलांची सुट्टी आणि आमची रजा यांचा मेळ तेवढाच बसत होता. मनात हिशोब आपल्याकडचा: मृग लागेपर्यंत पाऊस नाही, आणि घाटात दरडी कोसळतात त्या जुलैत. तिकडे हा हिशोब चालत नाही. चैत्रापासूनच वादळी पाऊस सुरू होतो, मे महिन्यात तो जोर धरतो आणि जूनमध्ये तर भर पावसाळा असतो. तवांगच्या वाटेवर, बोमडिलाच्या अलीकडे दरड आली. एक मोकळी करेपर्यंत पुढे दुसरी. पावणेदोन दिवस आम्ही जेसीबीकडे बघत बसलो, धाकट्याच्या मोज्यातून तीन जळवा निघाल्या आणि तवांग न बघताच आम्ही गुवाहाटीला परतलो. त्या भागात दरडीचं लक्षण दिसलं तर आसामातल्या ओरांगहून कलाकतांग, शेरगाव, रूपा असा दुसरा रस्ता आहे, हे आम्हाला नंतर कळलं. अर्थात तो खाली आसामात असतानाच धरायचा असतो. वर अडकल्यावर त्याचा उपयोग नाही.

मुळात ‘अरुणाचलचा सीझन’ असा एक काढताच येत नाही. आसामच्या सीमेवर, भालुकपाँगच्या चेकगेटवर तुम्ही जेमतेम 200 मीटर उंचीवर असता, घाम पुसत. दिरांग दीड हजाराच्या आसपास, तवांग 3000 च्या आसपास आणि मधली सेला खिंड जवळपास 4170 मीटर. एकाच प्रवासात केळीच्या बागाही लागतात आणि गोठलेलं तळंही. माणसांचंही तसंच. प्रमुख जमातीच 26 मोजतात आणि प्रत्येकीचं सणांचं पंचांग वेगळं. न्यीशींचा न्योकुम 26 फेब्रुवारीला, गालोंचा मोपिन 5 एप्रिलला, अपातानींचा द्री 5 जुलैला, आदींचा सोलुंग 1 सप्टेंबरला. तवांगच्या मोनपा लोकांचा लोसार चांद्र पंचांगावर चालतो, त्यामुळे तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पुढेमागे होतो. सगळं एका सहलीत बसवायला गेलात तर वाट्याला फक्त रस्ता येईल.

दुसऱ्या खेपेला आम्ही नोव्हेंबरचा तिसरा आठवडा धरला, फक्त तवांगसाठी. डोंगर बघायचे असतील तर मी डोळे मिटून हाच काळ सांगेन. ऑक्टोबरच्या मध्यानंतर पाऊस ओसरतो, हवा धुतल्यासारखी होते आणि सकाळी दहापर्यंत आकाशात ढगाचं नाव नसतं. दिरांगला एक रात्र मुद्दाम काढली. उंचीची सवय होते हे एक कारण, पण खरं आकर्षण जवळचं सांगतीचं खोरं. काळ्या मानेचे करकोचे तिथे हिवाळ्यात उतरतात. आम्हाला दोन दिसले, भातकापणी झालेल्या शेतात, शांतपणे चिखल टोचत होते. वाटाड्याने आम्हाला बांधाच्या पुढे जाऊ दिलं नाही आणि त्याचं बरोबरच होतं. एवढ्यासाठीच जाणार असाल तर तवांगपलीकडचं झेमिथांगही यादीत ठेवा.

सेलाला 9 मार्च 2024 पासून बोगदा सुरू झाला आहे. बर्फामुळे वाहतूक अडकण्याची भीती त्याने बरीच कमी केली. पण हवा स्वच्छ असेल तर जाताना तरी जुन्या रस्त्याने खिंडीत चढा, ड्रायव्हरने कितीही तोंड वाकडं केलं तरी. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, तरी तळ्याच्या कडेला बर्फाची साय धरली होती आणि प्रार्थनेच्या पताका कडक होऊन पत्र्यासारख्या खडखडत होत्या. पलीकडे उतरल्यावर जसवंतगडला थांबायचंच. 1962 च्या नोव्हेंबरात रायफलमन जसवंतसिंह रावत इथे लढले. महिना तोच, थंडीही तीच. तिथे जवान हातात चहाचा पेला देतात. त्या पेल्याची ऊब बोटांत उतरत असताना बासष्टच्या तुकड्यांकडे गरम कपडेही पुरेसे नव्हते हे आठवतं, आणि मग बोलणं आपोआप बंद होतं.

नोव्हेंबरची खोट म्हणजे दिवस. तवांगला साडेचारच्या आत सूर्य मावळतो. सकाळी निवांत पोहे-चहा करून साडेनऊला बाहेर पडणाऱ्यांचा अर्धा दिवस तिथेच संपतो. आम्ही सहाला निघायचो. त्या वेळी मठात जा. 1680-81 च्या सुमारास बांधलेला हा भला मोठा मठ, आणि सकाळच्या प्रार्थनेला डुलक्या काढत बसलेले आठ-दहा वर्षांचे लामा. एकाचं लाल वस्त्र दुसऱ्याच्या मांडीखाली अडकलं होतं, ते सोडवण्याची त्यांची चोरटी झटापट मी प्रार्थनेपेक्षा जास्त लक्ष देऊन पाहिली. होमस्टेमध्ये पहाटे नळ गोठलेले असायचे. बुखारीवर, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीवर तापवलेली एक बादली चौघांत, म्हणजे आंघोळीचा प्रश्न निकालातच निघाला.

तिसरी खेप गेल्या मार्चअखेरची. ती झिरोच्या म्योकोसाठी. झिरो म्हणजे अपातानींचं खोरं, म्योको त्यांचा सण. इथे जरा सविस्तर सांगते, कारण म्योकोबद्दल नीट माहिती आम्हाला आधी कुणी दिली नव्हती. गुवाहाटीहून रात्रीच्या रेल्वेने नाहरलागुन, तिथून सकाळच्या शेअर सुमोने वर. मार्चच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत म्योको येतो, पण अपातानींची सगळी गावं एकाच वर्षी यजमान नसतात. गावांचे तीन गट आहेत आणि पाळी फिरती, दर तीन वर्षांनी येणारी. म्हणून होमस्टे ठरवण्याआधी फोनवर पहिला प्रश्न हाच: ‘यंदा म्योको कुठल्या गावात?’ आम्ही न विचारता खोली घेतली आणि मग रोज पहाटे अंधारात गाडी काढून दुसऱ्या गावात जावं लागलं.

आणि मार्चमध्ये झिरो हिरवं नसतं, हे आधीच मनाला बजावा. फोटोत दिसतो तो भाताचा गालिचा जुलै-ऑगस्टमधला. सोनेरी शेतं हवी असतील तर सप्टेंबरचा शेवट. तेव्हाच तिथला संगीत महोत्सवही असतो, 2012 पासून. गर्दी नको असेल तर नेमके तेवढे दिवस टाळायचे. मार्चमध्ये शेतं तपकिरी आणि ओकीबोकी. भातखाचरात मासे पाळायची अपातानींची पद्धत वाचून गेलेल्या माझ्या नवऱ्याला बघायला नुसते बांध मिळाले. पण परसातली झाडं फुलली होती आणि गावात उंच बाबो उभे राहिले होते. बाबो म्हणजे सणासाठी रोवलेले लाकडी खांब.

म्योकोत घरं सताड उघडी असतात. ओळख लागत नाही. एका घरात चुलीपाशी बसवलं, वर मांडवावर मांस धुराला लावलेलं, आणि आजीबाईंनी बांबूच्या पेल्यात तांदळाची बिअर ओतून दिली. मी घेत नाही म्हटल्यावर त्या रागावल्या नाहीत, काळा चहा आला. त्यांच्या नाकपुड्यांत ते जुने काळे गोल होते, अपातानी बाया पूर्वी घालत ते. ही चाल सत्तरच्या दशकात थांबली, त्यामुळे ते आता फक्त म्हाताऱ्या बायांत दिसतात. बाहेर एक पर्यटक दुसऱ्या आजींच्या तोंडासमोर लेन्स धरून उभा होता. कृपा करून असं करू नका. आम्ही तासभर बसलो, आमच्या आजीबाईंच्या नातीशी हिंदीत गप्पा मारल्या (सगळीकडे हिंदी चालतं, एका जमातीला दुसरीशी बोलायलाही तेच लागतं) आणि निघताना फोटोबद्दल विचारलं. आजी नको म्हणाल्या. नाही काढला.

एक स्पष्टच सांगते: म्योकोत डुकरांचा बळी असतो आणि तो आडोशाला नसतो. पहाटे पुजाऱ्यांचे मंत्र, बाया पीठ शिंपडतात, बांधलेली जनावरं ओळीने पडलेली. मुलं सोबत असतील किंवा तुम्हालाच सोसणार नसेल, तर हा सण तुमच्यासाठी नाही. मग ऑक्टोबरात जा. शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही, भात, डाळ, बटाटा, पालेभाजी मिळते. आम्हाला राहणं-जेवण माणशी 1500 रुपये पडलं.

झिरो झाल्यावर ‘एवढ्या लांब आलोच आहोत’ म्हणून आम्ही तवांगही जोडलं. तो हावरटपणा होता. आसामात उतरून पुन्हा चढायचं, दोन दिवस गाडीतच गेले. वर ढग. चीनच्या सीमेवरची बुमला खिंड बर्फाने बंद, पीटी त्सो तळ्यापर्यंतच सोडलं. तळं मात्र पांढरं गोठलेलं, सुंदर. ऱ्होडोडेंड्रॉनच्या नुसत्या कळ्या, फुलं एप्रिल-मेची. मार्च हा झिरोचा महिना आहे, तवांगचा नव्हे.

कागदांचं. आयएलपी (इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना) ऑनलाइन मिळतो, पण अर्जात जिल्हे सगळे टाका आणि परतीच्या तारखेपुढे दोन दिवस जास्तीचे घ्या. रस्ता बंद झाला की ते लागतात. प्रिंट काढून ठेवा, चेकगेटवर मोबाईलला रेंज असेलच असं नाही. बुमलाचा परवाना वेगळा, तो तवांगलाच काढतात आणि गाडीही तिथलीच लागते, म्हणून तवांगला किमान तीन रात्री. रोख पैसे गुवाहाटीतच काढून घ्या. आणि एप्रिलच्या मध्यावर आसामात बिहू असतो, त्या आठवड्यात सुमो आणि ड्रायव्हर दोन्ही मिळणं कठीण.

आता सप्टेंबरअखेरचं झिरो राहिलंय. नवऱ्याला ते मासे बघायचेच आहेत. जळवांसाठी मोज्यांवर चोळायला मीठ आणि तंबाखू मी यादीत आधीच लिहून ठेवलंय.