चार बोटं माती

ऑगस्टचा पहिला आठवडा. रात्रभर पावसानं झोडपलं होतं. ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी आणि अतिवृष्टी झाली की पंचनामे. आमच्या महसूल मंडळानं ती रेघ मध्यरात्रीच ओलांडली होती. तलाठी, ग्रामसेवक आणि मी, तिघांनी गाड्या पांदणीच्या तोंडाशी लावल्या आणि चिखल तुडवत निघालो. यवतमाळ जिल्ह्यात कृषी सहायक म्हणून मला बारा वर्षं होत आली. पंचनामे शेकड्यानं केले असतील, पण हा एक डोक्यातून जात नाही.

वावर तीन एकरांचं. नवरा गेल्यापासून काकू एकट्याच कसतात. दोन-अडीच एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मधे तुरीची तासं आणि खालच्या अंगाला उताराला आडवा ज्वारीचा एक पट्टा. घरच्या भाकरीपुरता. रानडुकरं आणि पाखरांपायी गावात ज्वारी जवळजवळ कोणी पेरत नाही. काकू मात्र पेरतात आणि राखणही करतात.

वरच्या वावरातून लोंढा आला होता. अर्धा एकर पऱ्हाटी त्यानं अशी सोलून नेली होती की झाडं आडवी पडलेली आणि मुळं पांढरीफटक उघडी. दुसऱ्या डवरणीनंतर टाकलेलं खतही गेलं. मी नेहमीसारखा मोबाइल काढून फोटो घ्यायला लागलो. तलाठ्यांनी तक्ता उघडला. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "सायेब, पराटी नाई लिहिली तरी चालते. पराटी पुढच्या साली अजून लावीन. माती कोठून आनू मी? तुमच्या कागदात मातीचा खाना हाये का?"

आम्ही तिघंही गप्प. खाना होता, 'शेतजमीन खरडून गेली' असा. त्यात क्षेत्र लिहायचं. मी ०.२० हेक्टर लिहिलं. पण काकूंनी हाताला धरून मला धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे नेलं. तिथे कोपऱ्यावर त्यांच्या सासऱ्यांनी रोवलेला दगड. त्याच्या अंगावर जुन्या मातीची काळपट रेघ स्पष्ट दिसत होती आणि आताची माती त्या रेघेच्या खाली होती. त्यांनी बोटं आडवी लावून दाखवली. चार बोटं. मी टेप लावला. तीन इंच भरले.

वावरात गाळ येऊन साचला तर मदतीला तीन इंच जाडीची अट आहे. म्हणजे आलेला गाळ आपण मोजतो. गेलेल्या मातीची खोली आमच्या तक्त्यात कुठेच नव्हती.

संध्याकाळी घरी मी हिशोब मांडला. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यातून एक इंच माती गेली तर ३,६३० घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ३६ ब्रास. काकूंचं अर्धं एकर आणि तीन इंच, म्हणजे ५४ ब्रास. घर बांधताना दोन ब्रास मुरूम टाकायचा तर माणूस चार वेळा भाव विचारतो. इथे एका रात्रीत ५४ ब्रास काळी कसदार माती नाल्याला लागली. एवढी एक इंच माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षं लागतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते की माणसाचं सुमारे ९५ टक्के अन्न मातीवर अवलंबून आहे. प्रशिक्षणात हा आकडा मी वहीत उतरवून घेतला होता. त्या दिवशी तो दगडावरच्या रेघेत दिसला.

आमच्याकडे बहुतेक शेती कोरडवाहू. पाऊस उघडला की पऱ्हाटी आणि तूर जगतात ती जमिनीनं धरून ठेवलेल्या ओलीवर. जमिनीची खोली हीच आमची विहीर. फूटभर मातीखाली मुरूम लागणाऱ्या वावरातून तीन इंच गेले तर पाव भाग साठा गेला. सप्टेंबरात पंधरा दिवसांची उघाड पडली की फरक दिसतो. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे. तिथले तज्ज्ञ जमिनीच्या क्षमतेचे आठ वर्ग पाडतात, त्यातले पहिले चार लागवडीचे. उतार आणि खोली यांवर बरंच ठरतं. खोली गेली की वावर एक पायरी खाली उतरतं. सातबाऱ्यावर मात्र तेच क्षेत्र दिसतं, तेच नाव.

लोंढा आला कुठून, हे शोधायला आम्ही वर चढलो. तिथे धुराच नव्हता. उन्हाळ्यात जेसीबी लावून सपाट केला होता आणि उताराच्या दिशेनंच सोयाबीन पेरलं होतं. प्रत्येक तास म्हणजे पाण्याला एकेक नाली. वावर कसणारा भेटला, तोही हवालदिल. त्याचंही सोयाबीन लोळलं होतं. म्हणाला, "सायेब, ठोक्याचं वावर हाये. यंदा माह्याकडं, पुढच्या साली कोनाकडं! बैलजोडी इकली, टॅक्टर आला. धुरा आडवा येते, वळायले डिझेल जाते." त्याला काय बोलणार? एका सालाच्या ठोक्यावर, म्हणजे खंडानं घेतलेल्या वावरात, दहा सालांचा धुरा कोण राखेल? मालक अमरावतीला, ठोक्याचे पैसे आले की त्याचं काम संपलं. दोष एकट्या त्या माणसाच्या माथी मारला तर माझ्याच मनाला पटणार नाही. मे महिन्यात गावात सभा घेऊन 'उताराला आडवी पेरणी करा' असं मी सांगितलं होतं. पेरणीच्या दिवशी मात्र त्या वावरात मी गेलो नव्हतो. हे मला अजून बोचतं.

परत येताना ज्वारीच्या पट्ट्याशी थांबलो. कमरेएवढी ज्वारी, तंतुमय मुळांनी माती घट्ट धरून उभी. लोंढ्याचा जोर तिथे मोडला होता. वरच्या कडेला पातळ गाळ अडकलेला, पट्ट्याखालची पऱ्हाटी शाबूत. मी एक झाड हलवून पाहिलं, जागचं हललं नाही. काकू म्हणाल्या, "भाकरीनंच वावर राखलं."

फेब्रुवारीत मी वरच्या वावराच्या मालकाला गावात बोलावून घेतलं. दोन बैठका वाया गेल्या. तिसऱ्या वेळी काकूंनी त्याला दगडाशी नेऊन बोटं लावून दाखवली, तेव्हा तो धुरा घालायला तयार झाला आणि ठोका तीन सालांचा करून दिला. एप्रिलमध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या सरकारी योजनेतून गावतलावाचा गाळ निघाला. काकूंच्या वाट्याला चौदा ब्रास आला. ट्रॉली रिकामी होताना त्या ढेकूळ फोडून वास घेत होत्या. "थे माहीच माती व्हय," म्हणाल्या. असेलही. त्यांच्या वावराचा नाला त्याच तलावाला मिळतो.

मी धुऱ्यासाठी मारवेल गवताची ठोंबं नेली होती. काकू, तो कसणारा आणि मी, तिघांनी मिळून ती वीतभर अंतरानं लावायला घेतली. दगडापासून सुरुवात केली.