चिमणी उड, मुंगी उड

आज रेड अलर्ट. सकाळी सहाला शाळेच्या ग्रुपवर सुट्टीचा निरोप आला आणि साडेनऊपर्यंत मजल्यावरची सगळी पोरं आमच्या हॉलमध्ये जमा. वरच्या वहिनींना पाऊस असो की पूर, ड्यूटीवर जावंच लागतं, म्हणून त्यांची दोघं आमच्याकडे. समोरच्या काकूंचे नातू, आमचा सातवीतला, आणि त्यांच्या मागोमाग आलेली बाकीची. सातवीपासून सिनियर केजीपर्यंत सगळ्या वयाची मिळून ९ जणं.

एवढ्या सगळ्यांना एकत्र खेळवायचं म्हणजे निवड फार उरत नाही. कॅरम चौघांचा. पत्ते धाकट्यांच्या मुठीत मावत नाहीत. नाव-गाव-फळ-फूलसाठी भरभर लिहिता यायला हवं. आंधळी कोशिंबीर ठाण्यातल्या वन बीएचकेमध्ये खेळायची तर आधी टीपॉय कुठे ठेवायचा हा प्रश्न, आणि खाली आजोबा आजारी आहेत, त्यामुळे उड्या नकोतच. मग ‘चिमणी उड’ काढला. सतरंजी अंथरली, सगळ्यांना गोल बसवलं आणि उजव्या हाताचं एकेक बोट टेकवायला सांगितलं. उडणाऱ्याचं नाव घेतलं की बोट वर, न उडणाऱ्याचं घेतलं की बोट जागेवरच. सामान काही लागत नाही.

मात्र राज्य घेणाऱ्याला म्हणता यायला हवं. चिमणी उड, पोपट उड, घार उड अशी ओळीनं तीन-चार उडणारी नावं घ्यायची, सूर आणि वेग जराही बदलायचा नाही आणि त्याच झोकात ‘म्हैस उड’ म्हणून टाकायचं. म्हणताना स्वतःचंही बोट खुशाल वर न्यायचं. मोठी पोरं इथे हमखास सापडतात, कारण नाव ऐकायच्या आधीच त्यांचं बोट निघालेलं असतं.

केजीतली धाकटी माझ्या समोरच बसली होती, म्हणून नीट दिसलं. नाव ऐकलं की तिचे ओठ आधी हलायचे, ‘पोपट’, आणि मग बोट उठायचं. तोवर बाकीच्यांची बोटं खाली आलेली. पहिल्याच डावात मोठ्यांनी जाहीर केलं, “ही लिंबूटिंबू.” म्हणजे खेळात असून नसल्यासारखी, चुकली तरी धरायचं नाही आणि जिंकली तरी मोजायचं नाही. तिचा चेहरा पडला. लिंबूटिंबू ही सोय प्रेमाची असते हे मला मान्य आहे, पण पाच वर्षांच्या मुलाला ती बरोबर कळते आणि लागतेही. मी तिथेच नियम सांगितला, उशीर झाला तर चालेल, चूक चालणार नाही. त्यानंतर ‘म्हैस उड’ला तिघा मोठ्यांची बोटं वर गेली, हिचं सतरंजीवर घट्ट.

दुसरा नियम, बाद कुणालाच करायचं नाही. जो बाद होतो तो बहुधा सगळ्यात लहान असतो, आणि नेमकं त्यालाच कोपऱ्यात नुसतं बसून राहणं सगळ्यात अवघड जातं. आमच्या लहानपणी चुकणाऱ्याच्या हातावर सगळे चापट्या मारायचे, तेही नको वाटलं. चुकलास तर त्या प्राण्याचा आवाज काढ, एवढीच शिक्षा. म्हैस रेकली, बेडूक ओरडला. ‘टेबल उड’ला चुकलेल्यानं जमिनीवर टकटक केली आणि ती सगळ्यांनी मान्य केली.

खरा रंग भरला तो भांडणांनी. ‘मोर उड’ म्हटलं तर निम्मी बोटं वर, निम्मी खाली. चौथीतला म्हणाला, मोर नाचतो, उडत नाही. त्यावर मोराची चिंचोली पाहून आलेली एक म्हणाली, “मग रात्री झाडावर झोपायला शिडी लावून जातो का?” निकाल तिथेच लागला. कोंबडीवर बराच वेळ वाद झाला. कुंपणावर फडफडत चढते ते उडणं की नाही, यावर शेवटी मतं घेतली आणि कोंबडी उडाली. ‘झुरळ उड’ला बोटं बरोबर वर गेली आणि सोबत किंकाळ्याही.

मग चौथीतल्यानं राज्य घेऊन ‘मुंगी उड’ टाकलं. सगळ्यांची बोटं खाली, फक्त धाकटीचं वर. एकच गलका झाला, चुकली, चुकली! ती रडवेली झाली, पण बोट काही खाली घेईना. म्हणाली, “आमच्या ट्यूबलाइटवर आल्या होत्या.”

आमच्याही खिडकीच्या कट्ट्यावर रात्रीचे गळालेले पंख पडलेले होते. ते तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवले. लांबट, पातळ, आरपार दिसणारे, सगळे सारख्याच लांबीचे. म्हणजे हे वाळवीचे. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. पण पावसाळ्यात मुंग्यांनाही पंख फुटतात. नर आणि नव्या राण्या वारुळातून बाहेर पडून उडतात, मीलनानंतर नर मरून जातात आणि राणी स्वतःचे पंख गाळून जमिनीत नवं घर मांडते. सातवीतल्यानं विचारलं, “मग आपण रोज बघतो ती मुंगी?” ती कामकरी, तिला पंख नसतातच. तेव्हा मुंगी उडतेही आणि उडत नाहीही, पण धाकटीनं डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं होतं, म्हणून डाव तिचा. पुढचं राज्यही तिलाच दिलं. तिनं एका दमात ‘चिमणी उड, चिमणी उड, चिमणी उड, आई उड’ म्हणून सगळ्यांना पाडलं. चार जणांना आईचा आवाज काढावा लागला. चौघांनीही “अभ्यास झाला का?” असंच विचारलं.

जेवणापर्यंत कुणी मोबाइल मागितला नाही. जाताना पोरांनी उद्यासाठी नावं लिहून ठेवली आहेत: वटवाघूळ, पाकोळी, शहामृग, उडता मासा, शेकरू. शेकरूवर भांडण होणार हे नक्की, कारण आमच्या सातवीतल्याच्या मते राज्यप्राणी आहे म्हणजे उडत असणारच. शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर लांबलचक झेप घेतं, पण उडत्या खारीसारखा पुढच्या-मागच्या पायांमध्ये ताणला जाणारा कातडीचा पडदा त्याला नसतो. उडती खारसुद्धा तरंगत खालीच येते. मी दोन्हींना बोट खालीच ठेवणार आहे. उद्याही सुट्टी लागली तर बघू कोण काय म्हणतंय.