बाण थांबतो तेव्हा

मावशी सोसायटीची खजिनदार झाली आणि मेंटेनन्सचा हिशोब एक्सेलमध्ये कसा लावायचा हे शिकवण्याचं काम ओघानंच माझ्याकडे आलं. फोनवर "वरचं ते चौकोनी दाब" म्हटलं की "अगं, इथे सगळंच चौकोनी आहे!" म्हणून मग पडद्यावर चाललेलं सगळं रेकॉर्ड करणारं ओबीएस स्टुडिओ उघडलं. २०१२ पासूनचं, फुकट, वर वॉटरमार्क नाही की वेळेची मर्यादा नाही.

रेकॉर्डिंगआधीचे माझे सोपस्कार ठरलेले. पाहुणे यायच्या आधी पलंगावरचे कपडे कपाटात कोंबावेत, तसे डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन 'नंतर बघू' नावाच्या फोल्डरात. व्हॉट्सअॅप बंद. पंखाही बंद, मे महिना असला तरी. व्हिडिओची फाइल एमकेव्ही प्रकारातच, कारण मध्येच लाइट गेली तर साधी एमपी४ सहसा उघडतच नाही, एमकेव्हीत निदान तोवरचं वाचतं. मागाहून रीमक्स केलं, म्हणजे व्हिडिओ तोच ठेवून फाइलचा प्रकार तेवढा बदलला, की झाली एमपी४.

बाबांना नोकरीसाठी एमएस-सीआयटी करावं लागलं, तेव्हा संध्याकाळी मीही क्लासला जाऊन मागच्या स्टुलावर बसायचे. सर पेन्सिलीनं मॉनिटरच्या काचेवर टकटक करायचे. बाबांचा बाण भलतीकडे पळाला की माउसवरच्या त्यांच्या हातावर सरळ आपला हात ठेवायचे. घरी ज्यांच्या पेनालाही कुणी हात लावत नसे, ते बाबा मुकाट बसत. घरी येऊन वहीत उतरवून काढत: 'फाइलवर टिचकी. मग सेव्ह.' शेजारी बॉलपेननं फ्लॉपीचं चित्र, कोपरा कापलेला, हुबेहूब.

पुढे आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल पाहिले. जेमतेम दहा मिनिटांचे, मराठीतही. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ लावायचा, अर्ध्यावर आपण करत जायचं. बाबांना ते फार आवडलं असतं. वहीत पायऱ्या सगळ्या होत्या, पण सर कुठे घुटमळायचे, ते काही तिच्यात उतरलं नव्हतं.

मला मात्र तेच बघायला आवडतं. अशा व्हिडिओंत काही जण बोलता बोलता बाण उगाच गरागरा फिरवतात, काही मजकुराखालून रेघ ओढल्यासारखा सरकवतात. आणि मध्येच आवाज थांबतो, बाणही थांबतो. माणूस विचार करतोय. लोक नेमकं तेवढंच कापून टाकतात.

मी नाही कापत. फाइल मोठी होते. होऊ दे.