फजरची अजान आणि माझी प्रार्थना

आज पहाटे फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या, अजानने जाग आली. तिच्यातले ‘नमाज झोपेपेक्षा उत्तम आहे’ हे शब्द, त्यांचा अर्थ कळल्यापासून, मला उद्देशूनच आल्यासारखे वाटतात. ज्या मुस्लिम कुटुंबाकडे मी सध्या राहतो आहे, तिथले आजोबा तेव्हा वजू, म्हणजे नमाजापूर्वीची शुद्धी, करत होते; कोपरापर्यंत हात धुताना, ओला हात डोक्यावरून फिरवताना आणि शेवटी वाकून घोट्यापर्यंत पाय धुताना त्यांना कसलीही घाई नव्हती. मी ख्रिस्ती; मी मात्र कित्येक वर्षे अंथरुणातच, अर्धवट झोपेत, प्रभूची प्रार्थना पुटपुटत आलो. बायबलमधला दानिएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे, येशूचे शिष्य पेत्र आणि योहान तिसऱ्या प्रहरी प्रार्थनेच्या वेळी मंदिरात गेले, हे लहानपणापासून वाचूनही ठरलेली वेळ म्हणजे निव्वळ कर्मकांड, असे मी मानत होतो. ते चुकीचे होते. येशूविषयी आजोबांची आणि माझी श्रद्धा वेगळी आहे (त्यांच्याशी मी ते मोकळेपणाने बोललोही आहे), आणि ती तशीच राहील. आज मी उठलो, तोंड धुतले, गुडघे टेकले आणि आधी त्या आजोबांसाठी प्रार्थना केली. बाहेर आलो तेव्हा त्यांनी हळूच विचारले, “बेटा, तुझीही झाली का?”