वचनचिठ्ठी हातात असूनही पैसे बुडतात ते कुठे

हातउसने दिलेले पैसे परत मिळत नाहीत म्हणून वचनचिठ्ठी, म्हणजे पैसे परत देण्याचे सहीनिशी लेखी वचन (प्रॉमिसरी नोट), घेऊन आलेल्या अशिलाला समोरचा माणूस कोर्टात काय खोटे सांगेल याचीच चिंता असते. मी मात्र आधी चिठ्ठीवरची तारीख आणि मुद्रांकाचे (रेव्हेन्यू) तिकीट पाहतो, कारण ऋणकोच्या खोटेपणापेक्षा या दोन गोष्टींपायी बुडालेले दावे मी जास्त पाहिले आहेत.

‘मागाल तेव्हा देईन’ अशा चिठ्ठीवर दावा लावण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षांची असते आणि ती सहसा चिठ्ठीच्या तारखेपासूनच मोजतात, मागणी केल्यापासून नव्हे. मेहुण्याकडे किंवा जुन्या मित्राकडे भिडेपोटी मागणीच केली नाही, तरी मुदत सरतच असते, आणि वकिलाची नोटीस धाडल्यानेही ती एका दिवसाने वाढत नाही. मुदतीच्या आत ऋणकोने सही करून कर्ज मान्य असल्याचे लिहून दिले, किंवा काही रक्कम फेडून तशी नोंद स्वतःच्या हाताने अथवा सहीनिशी केली, तर तेथून नवी तीन वर्षे मिळतात. मुदत उलटल्यावर मात्र नुसती कबुली पुरत नाही. करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पैसे देण्याचे नवे लेखी वचन घ्यावे लागते, आणि ते कोण कशाला देईल?

तिकिटाचे प्रकरण याहून कठोर आहे. इतर बहुतेक दस्तांना कमी मुद्रांक असेल तर दंड भरून ते पुराव्यात आणता येतात, पण वचनचिठ्ठीला मुद्रांक कायद्याच्या कलम ३५ मधील ही सवलत नाही. बिनतिकिटाची चिठ्ठी पुराव्यात येत नाही, आणि मग मूळ कर्जव्यवहार वेगळ्या पुराव्याने सिद्ध करण्याची धडपड करावी लागते, ज्यात पैसे बँकेतून गेले असतील तरच काही आशा असते. साक्षीदारांच्या सह्या घेण्याची आपल्याकडची हौसही कधी अंगाशी येते: ‘तुम्हांस किंवा तुम्ही सांगाल त्यास’ असे शब्द नसलेली साक्षांकित चिठ्ठी मुद्रांकाच्या दृष्टीने बंधपत्र (बाँड) ठरू शकते आणि तिला जास्त मुद्रांक लागतो.

चिठ्ठी या कसोट्यांना उतरली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी, म्हणजे संक्षिप्त पद्धतीचा, दावा लावावा. पोलिसांत जाऊन बहुधा काही निघत नाही, कारण १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातील (नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची फौजदारी कारवाई न वटलेल्या धनादेशासाठी आहे, वचनचिठ्ठीसाठी नाही. समरी दाव्यात समन्स बजावल्यापासून दहा दिवसांत प्रतिवादीने हजेरी नोंदवली नाही, तर वादीला हुकूमनामा (डिक्री, म्हणजे दाव्यावरचा कोर्टाचा निर्णय) मागता येतो. नोंदवली, तर निकालासाठीचे समन्स मिळाल्यावर आणखी दहा दिवसांत त्याला प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. बचाव तकलादू वाटला, तर कोर्ट रक्कम भरण्याच्या अटीवर ती देऊ शकते.

‘कोऱ्या कागदावर सही घेतली’ हा बचाव ठरलेलाच. सही सिद्ध झाली की पैसे मिळाले होते असेच कायदा १८८१ च्या त्याच अधिनियमातील कलम ११८ नुसार गृहीत धरतो, आणि ते खोडण्याचे ओझे प्रतिवादीवर येते. मला अधिक जपावेसे वाटते ते ‘वादी विनापरवाना सावकार आहे’ या बचावाला, कारण महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवाना नसलेल्या सावकाराला हुकूमनामा मिळत नाही. अडीअडचणीला एखाद्याला पैसे देणे म्हणजे सावकारीचा धंदा नव्हे. पण अशिलाच्या कपाटात अशा दहा चिठ्ठ्या निघाल्या, तर मी आधीच सावध होतो.

हुकूमनाम्यानंतर दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते, आणि खरी दमछाक तिथे होते. त्यासाठी बारा वर्षांची मुदत आहे, पण नोकरदाराच्या पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून वगळलेले असतात, आणि शेतकऱ्याच्या औजारांना व कामाच्या जनावरांना हात लावता येत नाही. त्यामुळे दावा लिहायला घेण्याआधीच मी ऋणकोची नोकरी, बँकखाते, सातबारा यांची माहिती मागून घेतो. आणि तो दाव्याच्या धास्तीने जमीन विकायला निघाल्याचा पुरावा असेल, तर निकालापूर्वीच्या जप्तीचा अर्ज दाव्याबरोबरच जोडतो.