लॅबमधून कर्जाच्या फायलींकडे

परवा कॉलेज रोडला मावशी भेटली आणि परत तेच, "अगं एवढी केमिस्ट्रीत एमएस्सी केलीस, मग कर्जाच्या फायली कशाला बघत बसतेस?" रस्त्यात उभं राहून काय सांगणार, म्हणून इथे लिहिते.

मी आधी द्राक्षाच्या रेसिड्यू लॅबमध्ये होते, म्हणजे फवारलेल्या औषधांचा अंश द्राक्षात किती उरलाय ते तपासायची लॅब. सीझनला दिंडोरी, निफाडकडून सॅम्पल यायची, मणी मिक्सरला लावायचे, एक्स्ट्रॅक्शन, मग एलसी-एमएसवर (औषधाचा अगदी बारीक अंशही मोजणारं मशीन) रन आणि रिपोर्ट. युरोपला माल पाठवायचा तर एकेका औषधाची लिमिट ठरलेली. 2010 ला क्लोरमेक्वाटमुळे (वेलीची वाढ रोखायचं औषध) आपले कंटेनर तिकडे अडकले ते इथे अजून निघतं, तेव्हा लिमिट होती किलोला 0.05 मिलीग्रॅम, एवढ्याशा आकड्यावर अख्ख्या बागेचा वर्षाचा पैसा.

एक दिवस एका काकांचं सॅम्पल फेल गेलं. ते रिपोर्ट धरून विचारत होते, ताई आता लोकलला काय भाव मिळेल, मार्च एंडला सोसायटीचं पीककर्ज भरायचंय, पोरीची फी आहे, कसं बसवू? मी फक्त रिपोर्ट देऊ शकत होते, पुढचं काहीच माहीत नव्हतं. तिथून सुरू झालं सगळं. दोन वर्षं नोकरी सांभाळून संध्याकाळी एमबीए फायनान्स केलं.

गणिताची भीती वाटली नाही. हाफ लाईफ, म्हणजे पदार्थ निम्मा व्हायला लागणारा वेळ, काढताना 0.693 ला k ने (रिअ‍ॅक्शनच्या वेगाचा आकडा) भागतो ना, पैसे दुप्पट व्हायचा 72 चा नियम म्हणजे तेच, 72 ला व्याजदराने भागलं की वर्षं, 69.3 चं भागायला सोपं म्हणून 72 केलंय, 8 टक्क्यांनी 9 वर्षं. मला छळलं ते अकाउंटिंगने. नफा दिसतोय आणि बँकेत पैसे नाहीत, हे कित्येक दिवस पटेचना, लॅबमध्ये मास बॅलन्स, म्हणजे आत घातलं तेवढं बाहेर निघायला हवं हा हिशोब, जुळला नाही की चूक आपली असते इतकंच डोक्यात.

शेवटी बाग समोर ठेवून बघितलं तेव्हा कळलं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळासाठीची गोडी छाटणी, औषधं, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंगची (मणी विरळ करायची) मजुरी, पैसा जातोच आहे, आणि येतो एकदाच, तोही व्यापारी उधारीवर माल नेतो आणि नंतर देतो. म्हणजे माल विकला त्या दिवशी कागदावर नफा झाला, पण हातात काही नाही.

आता मी शेतकऱ्यांच्या कर्जाचं अप्रेझल करते, म्हणजे कर्ज फेडता येईल का ते तपासते. मागच्या महिन्यात ट्रॅक्टरची एक फाईल आली, दर महिन्याला सारखा हप्ता लावलेला. बागाईतदार ऑगस्टमध्ये हप्ता कुठून भरणार? मी महिन्यावार कॅश फ्लो, म्हणजे कुठल्या महिन्यात पैसा येतो आणि जातो ते, मांडून साहेबांच्या टेबलावर ठेवला, दोनदा परत आला, आकडे नीट करून तिसऱ्यांदा दिला. हप्ता वर्षाला एकच झाला, माल गेल्यानंतरचा, एप्रिल अखेरचा.