आता या वयात व्यायाम कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही एकट्याच विचारता असं नाही, महिन्यातून चार-पाच वेळा तरी कुणी ना कुणी मला दाराबाहेर गाठतंच. रविवार असतो, डब्यात घरून काहीतरी करून आणलेलं असतं, आणि आत मी आजींना पलंगाच्या कडेला बसवून "पाय मागं घ्या, पुढं वाका, आता उठा" असं म्हणत असते. आजी कण्हतात. लेकीला बघवत नाही. मग हळूच, "मॅडम, आता या वयात व्यायाम कशाला ओ? जन्मभर कष्टच केले तिनं. आता तरी सुखानं पडू द्या की."

हे मायेनंच विचारलेलं असतं, म्हणून उभ्या उभ्या उत्तर देववत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सोलापुरातल्या एका केअर सेंटरमध्ये अकरा वर्षं काम करतेय. आमच्याकडची माणसं चार दिवसांसाठी येत नाहीत, महिनोन्‌महिने राहतात, काही शेवटपर्यंत राहतात. कुणाला लकवा मारलेला, कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं, कुणाला पार्किन्सन, कुणाला घरच्यांची नावंही आठवत नाहीत. मुलं बहुतेकांची पुण्यात. काहींची इथंच आहेत, पण दोघंही कामावर जाणारी, घरात दिवसभर बघायला कुणी नाही.

पडून राहणं म्हणजे आराम, असं आपण सगळेच धरून चालतो. तापात दोन दिवस पडून राहिलं की बरं वाटतं, त्यावरून. पण वय झालेल्या शरीराला पलंग फार लवकर खातो. 2007 साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. साठी ओलांडलेल्या, कसलाही आजार नसलेल्या धडधाकट माणसांना दहा दिवस पलंगावर ठेवलं आणि मोजमाप केलं. दहा दिवसांत पायांचे स्नायू जवळजवळ एक किलोनं घटले होते. धडधाकट माणसाचं हे होतं, तर लकव्यानंतर दोन महिने उताणं झोपवलेल्या माणसाचं काय होत असेल! मग आपण म्हणतो, वय झालं, पायातली ताकद गेली. ती वयानं कमी आणि गादीनं जास्त गेलेली असते.

आणि गेलेली ताकद परत येते. 1990 साली बोस्टनमधल्या वृद्धांच्या अशाच एका केंद्रात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांचे वजनाचे व्यायाम करून घेतले होते. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीत! कॉलेजात हे शिकले तेव्हा मी वही मिटून बसले होते, कारण मला माझी आजी आठवली.

आजी अक्कलकोटला न्हाणीघरात घसरून पडली, तेव्हा मी अकरावीत होते. खुब्याचं हाड मोडलं. एका दवाखान्यात सांगितलं, वय झालंय, ऑपरेशन झेपायचं नाही, घरी न्या आणि सेवा करा. आम्ही सेवा केली. आईनं तीन महिने तिला जमिनीला पाय लावू दिला नाही, घास भरवला, पाणी चमच्यानं पाजलं, पाठीखाली उशा लावल्या. हलवलं की ती ओरडायची, म्हणून हलवायचंच नाही असं ठरलं. माकडहाडावर आधी लाल डाग दिसला. आम्हाला वाटलं, घामोळं असेल. मग कातडी गेली, मग खड्डा पडला, मग खोलीत वास यायला लागला. बेडसोअर हा शब्द आमच्या घरात कुणी ऐकलेला नव्हता. दर दोन तासांनी कूस बदला, एवढं एक वाक्य आम्हाला कुणी सांगितलं नाही. आजी मोडलेल्या हाडानं गेली नाही, पडून राहून गेली. आज खुब्याचं हाड मोडलं, तर तब्येत झेपणारी असेल तिथं एक-दोन दिवसांत ऑपरेशन करतात आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. ऐंशीच्या माणसालाही. आई अजून म्हणते, आम्ही काही कमी केलं का गं तिचं? नाही केलं. सगळं तिच्यासाठी आम्हीच केलं, तेच चुकलं.

म्हणून आमच्याकडं माणूस आला की मी आधी "चालायचंय का?" असं विचारत नाही. "कुठली एक गोष्ट स्वतःची स्वतः करायचीय?" असं विचारते. उत्तरं ऐकून घशात येतं. संडासला एकट्यानं जायचंय. दारात खुर्चीवर बसून रस्ता बघायचाय. देवाला स्वतःच्या हातानं फूल वाहायचंय.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक अव्वा, म्हणजे आजी, होत्या. विडी कामगार, उजवी बाजू गेलेली. जेवायच्याच नाहीत. नळी घालायची वेळ आली होती. गिळायला त्रास असेल म्हणून तपासलं, गिळणं चांगलं होतं. मग कळलं की डाव्या हातानं जेवायचं नाही आणि दुसऱ्याच्या हातानंही नाही. म्हणजे उजवा हात आणायचा, दुसरा मार्ग नव्हता. मी मऊ चेंडू दिला, दाबा म्हटलं. त्यांनी तो खाली टाकला. फळीतल्या खुंट्या दिल्या, त्यांनी तोंड फिरवलं. दोन आठवडे असे गेले.

आमच्याकडं ज्या मावशी दिवसपाळीला असतात, त्या कुंभारीच्या विडी घरकुलात राहतात. त्यांनी एके सकाळी काही न बोलता अव्वांच्या मांडीवर विड्या वळताना घेतात ते पाखडायचं सूप ठेवलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मापात कापलेली तेंदूची पानं, तंबाखूऐवजी कोंडा, आणि दोऱ्याचं रीळ. अव्वा बराच वेळ बघत राहिल्या. मग डाव्या हातानं एक पान उचललं आणि उजव्या हाताच्या चिमटीत नेऊन ठेवलं. पान घसरलं. पुन्हा ठेवलं. कोंडा चिमूटभर पसरला, डाव्या बोटांनी कड दुमडली, आणि उजवा अंगठा हलला. अगदी गव्हाच्या दाण्याएवढा. मला दिसलाच नव्हता, मावशींना दिसला. दिवसाला हजार विड्या वळणारी बाई त्या दिवशी अर्धी वळून थांबली. ती अर्धी विडी त्यांनी कुणाला टाकू दिली नाही, उशीखाली ठेवली.

त्यानंतर रोज सकाळी तासभर सूप. दोऱ्याची गाठ कधीच जमली नाही. पण अडीच महिन्यांनी भाकरीचा तुकडा उजव्या हातात धरून आमटीत बुडवला आणि तोंडापर्यंत नेला. अर्धी आमटी पदरावर सांडली होती. पदर पुसायला मी पुढं झाले, तर त्यांनी मला डाव्या हातानं बाजूला केलं.

बोलण्याचंही असंच असतं. चादरीच्या कारखान्यात जन्म घालवलेले एक मामा आमच्याकडं आले. घरात तेलुगू आणि बाहेर पन्नास वर्षं मराठी बोललेले. मेंदूच्या झटक्यानंतर मराठी पार गेली आणि तेलुगूचे चार-दोन शब्द राहिले. असं होऊ शकतं. एकाच माणसाच्या दोन भाषा सारख्याच जातात आणि सारख्याच परत येतात असं नाही. रात्री ते "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणत राहायचे आणि रात्रपाळीच्या मुलाला वाटायचं, बडबडतायत. नीळ्ळु म्हणजे पाणी. माणूस तहानलेला होता. आता त्यांच्या पलंगाशी वीस तेलुगू शब्द देवनागरीत लिहून लावलेत. पाणी, दुखतंय, थंडी, लघवी, लेक. चार भाषा बोलणाऱ्या गावात हे आधी सुचायला हवं होतं.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत आम्ही टीव्हीवर नंदीध्वजांची मिरवणूक लावली होती. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, गर्दी, आणि तो जयघोष, "एकदा भक्तलिंग हर्र बोला…" आणि मागून मामांचा आवाज आला, "हर्र!" खणखणीत. खोलीतल्या सगळ्यांनी वळून बघितलं. मामांनी स्वतःही दचकून बघितलं. तोंडपाठ झालेलं, वर्षानुवर्षं म्हटलेलं बोलणं, म्हणजे आकडे, वार, आरत्या, जयघोष, शब्द हरवलेल्या माणसातही पुष्कळदा शिल्लक राहतं. आमच्या स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून एकदा येतात. त्यांनी तिथूनच धागा पकडला. एक ते दहा, मग सोमवार ते रविवार, मग "बोला" म्हणून थांबायचं आणि वाट बघायची. आज मामा तीस-चाळीस शब्द बोलतात. मराठीतही काही. पहिला मराठी शब्द "नको" आला. तो मला फार आवडला.

उन्हाळ्याचं वेगळंच असतं. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढं गेला की मी सगळे व्यायाम सकाळी सहा ते आठमध्ये उरकते. पण खरी लढाई पाण्याची असते. म्हातारी माणसं पाणी पीत नाहीत, कारण प्यायलं की लघवीला जायचं आणि त्यासाठी दुसऱ्याला हाक मारायची. लाज वाटते. मग लघवीला जळजळ, ताप, बरळणं, आणि घरचे म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. खुर्चीवरून उठून कमोडपर्यंत चार पावलं स्वतःची स्वतः टाकता आली, की तोच माणूस दोन तांबे पाणी आपणहून पितो. त्या चार पावलांसाठी मी रोज "पुढं वाका, उठा" करते.

सगळेच उठतात असं सांगितलं तर ते खोटं होईल. काहींचा आजार पुढंच जाणारा असतो. एक वेळ येते तेव्हा उभं करणं म्हणजे नुसता त्रास देणं होतं, आणि तेव्हा मीच थांबवते. मग कूस बदलणं, टाचा गादीवर टेकू न देणं, तोंड ओल्या कापसानं पुसणं, आणि मिटलेली मूठ रोज हळूहळू उघडणं. ती उघडली नाही तर नखं तळहातात रुततात आणि आत कुजतं. तळहात स्वच्छ आणि कोरडा राहिला, एवढंच त्या दिवसाचं काम असतं. तेही मी पुनर्वसनच समजते.

तुमच्या आईंची ती वेळ आलेली नाही. गुरुवारी त्या खुर्चीचा हात न धरता दोनदा उठल्या. कण्हल्या, हे खरं. पण दुसऱ्यांदा उठल्यावर माझ्याकडं बघून "आणखी?" असं त्यांनीच विचारलं.

तुमच्याकडून मला दोन-तीन गोष्टी हव्यात. रविवारी आलात की घास भरवू नका. ताट समोर ठेवा आणि शेजारी बसा, चाळीस मिनिटं लागली तर लागू द्या. शेंगाची चटणी आणलीत तर दह्यात कालवून द्या, कोरडी भुकटी घशात अडकते. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करू नका. उठवताना डावा हात ओढू नका. त्या बाजूचा खांदा सैल आहे, निखळतो. कमरेला धरा.

आणि फळं नकोत, फळं इथं भरपूर होतात. चप्पल आणा. त्यांच्या पायात आत्ता रबरी स्लिपर आहे, ती पाय उचलला की मागं राहते. टाचेला पट्टा असलेली, खाली खरखरीत तळ असलेली आणा. त्यांचे पाय दुपारनंतर सुजतात, तेव्हा माप संध्याकाळी घ्या, आणि दोन्ही पायांचं घ्या.